पाठ १४ : सगळ्यांचं ऐकणारी एला

स्तर ४ : स्वतंत्र वाचन

वाचण्याआधी

आधी ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा.

१. मी गाणं ऐकते.
२. मी आईचं ऐकते.

दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. पण पहिल्या वाक्यात काम फक्त कानांचं आहे. दुसऱ्या वाक्यात आई जे सांगते, ते मी करते. एवढा फरक कशामुळे पडला? त्या छोट्याशा ‘चं’मुळे. आजचा पाठ या दुसऱ्या प्रकारच्या ऐकण्याबद्दल आहे, आणि त्याबद्दल गोष्ट लिहिणाऱ्या एका लेखिकेबद्दल आहे.

१. अडलेला शब्द

मागच्या वर्षी आमच्या रविवारच्या ऑनलाइन वर्गात ‘माझं आवडतं पुस्तक’ हा विषय होता. अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी ‘एला एन्चान्टेड’ या इंग्रजी पुस्तकाबद्दल मराठीत सांगत होती. छान सांगत होती. मध्येच ती अडली. “ती मुलगी खूप... खूप...” इंग्रजी शब्द तिला येत होता, मराठी आठवत नव्हता.

मी म्हटलं, “आज्ञाधारक.”

तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि विचारलं, “ताई, हा चांगला शब्द आहे की वाईट?”

मी पटकन म्हणाले, “चांगला.” मला दुसरं काही सुचलंच नाही. मी मराठी शाळेत शिकले. आम्हाला रजेचा अर्ज लिहायला शिकवलं होतं. ताप आला होता, पोट दुखत होतं, मामाचं लग्न होतं, कारण काहीही असो, अर्जाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची : ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’. त्याखाली नाव. ही ओळ मी कितीदा लिहिली असेल, मोजता येणार नाही. तिचा अर्थ काय, असा विचार मात्र एकदाही केला नाही.

विद्यार्थिनी म्हणाली, “पण पुस्तकात तर तो शाप आहे!”

मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात लायब्ररीतून आणलं आणि दोन रात्रींत संपवलं. मग ते लिहिणाऱ्या बाईंबद्दलही वाचलं. ते सगळं आज तुम्हाला सांगते. तिच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते.

२. नोकरी आणि नकार

लेखिकेचं नाव गेल कार्सन लेव्हीन. त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स या भागात त्या वाढल्या. वडिलांचा जाहिरातींसाठी चित्रं करून देणारा स्टुडिओ होता. आई शिक्षिका होती आणि आपल्या वर्गातल्या मुलांसाठी यमक जुळवून नाटकं लिहायची. म्हणजे घरात चित्रंही होती आणि शब्दही होते.

लहानपणी गेल खूप वाचायच्या. पीटर पॅनची गोष्ट त्यांची लाडकी होती. पण आपण लेखिका व्हावं, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांना रंगवायला आवडायचं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून त्यांनी तत्त्वज्ञान या विषयात पदवी घेतली आणि न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी खात्यात नोकरी धरली. ज्यांच्याकडे काम नाही, पैसे नाहीत, अशा लोकांना मदत करणं, त्यांना काम मिळवून देणं, अशा प्रकारचं ते काम होतं. ही नोकरी त्यांनी २७ वर्षं केली.

१९८७ साली त्यांनी मुलांच्या पुस्तकांच्या एका वर्गात नाव घातलं. तिथे लिहायलाही शिकवत आणि चित्रं काढायलाही. गेल गेल्या होत्या मुख्यतः चित्रांसाठी. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला चित्रांपेक्षा लिहायलाच जास्त मजा येते. तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या.

मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात लेखन. आणखी वर्ग केले. लिहिणाऱ्या लोकांच्या छोट्या गटात जाऊन एकमेकांचं लेखन वाचलं, चुका ऐकून घेतल्या. तयार झालेली गोष्ट प्रकाशकाकडे पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची.

उत्तर यायचं : नाही.

मराठी मासिकांत अशा नकारासाठी एक खास शब्दजोडी आहे : ‘साभार परत’. म्हणजे ‘तुमचे आभार, पण तुमचं लेखन परत पाठवत आहोत’. ऐकायला किती गोड! पण ज्याची गोष्ट परत येते, त्याला त्यातला ‘साभार’ दिसत नाही, फक्त ‘परत’ दिसतं. गेल लेव्हीन यांच्या गोष्टी अशा नऊ वर्षं परत येत होत्या.

नऊ वर्षं म्हणजे किती, याचा जरा हिशोब करा. तुम्ही आज बारा वर्षांचे असाल, तर तुम्ही तीन वर्षांचे होतात तेव्हापासून आजपर्यंत. एवढा काळ त्यांना प्रत्येक प्रकाशक ‘नाही’ म्हणत होता आणि त्या लिहीत होत्या.

३. एक साधा प्रश्न

अशाच एका लेखनवर्गासाठी गेलना काहीतरी लिहून न्यायचं होतं. कथानक सुचेना. मग त्यांनी ठरवलं, सिंड्रेलाची गोष्ट घेऊ. तिला कथानक आयतंच आहे! सावत्र आई आहे, दोन सावत्र बहिणी आहेत, परी आहे, राजपुत्र आहे, काचेचा बूट आहे. आपण फक्त नव्यानं सांगायची.

पण लिहायला बसल्यावर अडचण आली. सिंड्रेला फारच गुणी होती. सावत्र आई म्हणाली, भांडी घास, की ही घासते. बहिणी म्हणाल्या, आमचे कपडे आण, की ही आणते. भांडत नाही, चिडत नाही, पळून जात नाही. गेलना वाटलं, अशी मुलगी दहा पानांतच मला नकोशी होईल. मग त्यांनी स्वतःला विचारलं : ही इतकी सगळ्यांचं का ऐकते?

सिंड्रेलाची गोष्ट शेकडो वर्षं जुनी आहे. तुम्हीही ती ऐकली असेल. हा प्रश्न तुम्हाला पडला होता का? मला तर कधीच पडला नाही. गेलना पडला, आणि त्याचं उत्तर शोधताना त्यांना त्यांची नायिका सापडली. ही मुलगी स्वभावानं अजिबात आज्ञाधारक नाही. तिला ऐकावंच लागतं. कारण तिच्यावर तसा शाप आहे.

४. एलाचा शाप

एला जन्मते तेव्हा खूप रडत असते. लुसिंडा नावाची परी तिला भेट देते : ही मुलगी नेहमी आज्ञाधारक राहील. लुसिंडाला वाटतं, आपण केवढा छान वर दिला! पण ज्याला ती वर समजते, तोच शाप ठरतो.

पाचव्या वाढदिवसाला घरची स्वयंपाकीण मँडी एलाला केक देते आणि प्रेमानं म्हणते, खा. एला खायला लागते. एक तुकडा, दुसरा, तिसरा. पोट भरतं, रडू येतं, पण थांबता येत नाही. कारण ‘खा’ ही आज्ञा आहे. ‘आता थांब’ असं कोणी म्हणेपर्यंत तिची सुटका नाही. (आपल्या घरी आजी ‘खा गं, अजून एक खा’ म्हणते, तेव्हा एला तिथे असती तर काय झालं असतं?)

या शापाला एक नियम आहे, आणि तो आपल्या मराठीच्या वर्गासाठी फार कामाचा आहे. शाप फक्त थेट आज्ञेला लागू पडतो. कोणी तिला ‘पाणी आण’ म्हटलं, तर तिला आणावंच लागतं. पण ‘पाणी आणशील का?’ असं विचारलं, किंवा ‘तू पाणी आणलंस तर बरं होईल’ असं म्हटलं, तर ती मोकळी असते. म्हणजे तिचं सगळं आयुष्य समोरच्या माणसाच्या व्याकरणावर अवलंबून आहे!

मी दिवसभर कंप्युटरसाठी प्रोग्राम लिहिते. कंप्युटर अगदी एलासारखाच आहे. सांगितलं ते करतो, ते बरोबर आहे की चूक हे विचारत नाही. एकदा मी घाईत चुकीची फाइल पुसून टाकायची आज्ञा दिली. त्यानं तीन दिवसांचं काम क्षणात पुसलं. त्यात त्याचा काय दोष?

पण एला यंत्र नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. ती आज्ञेत फटी शोधते. मँडीनं ‘भांडं धर’ म्हटलं, की ती भांडं धरते खरी, पण ते घेऊन स्वयंपाकघरभर फिरत राहते. भांडं धरायला सांगितलं होतं, एका जागी उभं राहायला कुठे सांगितलं होतं?

पुढे मात्र गंमत कमी होत जाते. एला पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना तिची आई वारते. सावत्र बहीण हॅटीच्या लक्षात येतं, की ही आपलं सगळं ऐकते. ती एलाचे दागिने काढून घेते. तिची एक जिवलग मैत्रीण असते, तिच्याशी बोलणंसुद्धा बंद करायला लावते. आणि हे असं का होतंय, ते एला कोणालाच सांगू शकत नाही. कारण आईनंच तिला काळजीपोटी आज्ञा केली होती, की शापाबद्दल कोणाला सांगू नकोस.

तुम्हाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. एलाकडे जादूचं हत्यार नाही. तिच्याकडे भाषा आहेत. ती दुसऱ्यांच्या भाषा पटकन उचलते. माणसं खाणारे राक्षस तिला पकडतात, तेव्हा ती त्यांच्याच भाषेत, त्यांच्यासारख्याच गोड आवाजात बोलून त्यांना गुंगवते.

५. ‘नाही’

शेवट सांगू का? ज्यांना पुस्तक स्वतः वाचायचं आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वगळले तरी चालेल. ही विनंती आहे, आज्ञा नाही.

एलाचं राजपुत्र चारवर प्रेम असतं आणि त्याचंही तिच्यावर. पण एलाला एक भीती वाटते. मी राणी झाले आणि माझा शाप एखाद्या शत्रूला कळला तर? तो मला आज्ञा करेल, ‘राजाला मार’. आणि मला ते करावं लागेल. म्हणून ती त्याच्यापासून दूर राहते. शेवटी चार तिच्या घरी येतो आणि म्हणतो, माझ्याशी लग्न कर. बघा, ‘करशील का?’ नाही, ‘कर’. एलाला तर हेच हवं असतं! ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. पण त्या ‘हो’मुळे त्याचा जीव धोक्यात येणार, हे तिला माहीत असतं. सगळी ताकद एकवटून ती ‘नाही’ म्हणते. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आज्ञा मोडलेली असते. त्या क्षणी शाप तुटतो.

मग मोकळी झालेली एला स्वतःच चारला लग्नाचं विचारते. लग्नानंतर ती राजकन्या ही पदवी घेत नाही. दरबाराची भाषातज्ज्ञ आणि स्वयंपाकघरातली मदतनीस, अशा दोन पदव्या घेते.

६. पुढच्या गोष्टी

‘एला एन्चान्टेड’ १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. लेखिका तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या आणि हे त्यांचं पहिलंच पुस्तक होतं. अमेरिकेत मुलांच्या उत्तम पुस्तकांसाठी १९२२ पासून न्यूबेरी पदक दिलं जातं. त्याबरोबर काही पुस्तकांना ‘न्यूबेरी ऑनर’ हा मानही मिळतो. १९९८ साली तो एलाला मिळाला. २००४ मध्ये या पुस्तकावर सिनेमा आला. त्यात ॲन हॅथवे एला झाली आहे. पण सिनेमाची गोष्ट पुस्तकापेक्षा बरीच वेगळी आहे, तेव्हा सिनेमा पाहून स्वाध्याय सोडवू नका. मला लगेच कळतं!

यानंतर लेव्हीन यांनी पूर्ण वेळ लिहायला घेतलं. जुन्या परीकथांना प्रश्न विचारायची सवय त्यांनी सोडली नाही. एक जुनी गोष्ट अशी आहे : चांगल्या मुलीच्या तोंडातून बोलताना हिरे-माणकं पडतात आणि वाईट मुलीच्या तोंडातून साप-बेडूक. लेव्हीननी विचारलं, मग पुढे काय होईल? त्यांच्या ‘द फेअरीज मिस्टेक’ या १९९९ च्या पुस्तकात एक लोभी राजपुत्र चांगल्या मुलीला सारखं बोलायला लावतो, कारण त्याला हिरे हवे असतात. तिचा घसा दुखायला लागतो. वाईट मुलीचं मात्र छान चाललेलं असतं. तिनं तोंड उघडू नये म्हणून सगळं गाव तिचे लाड करतं!

२००६ च्या ‘फेअरेस्ट’मध्ये त्यांनी हिमगौरीची गोष्ट घेतली आणि विचारलं, सुंदर दिसणं इतकं महत्त्वाचं का? त्यातली नायिका एझा दिसायला सुंदर समजली जात नाही, पण तिचा आवाज अप्रतिम आहे. ‘डेव्ह ॲट नाइट’ (१९९९) ही मात्र परीकथा नाही. लेव्हीन यांचे वडील लहानपणी न्यूयॉर्कच्या एका अनाथाश्रमात वाढले होते. त्या आठवणीतून हे पुस्तक आलं. आणि लहानपणी आवडणारी पीटर पॅनची दुनिया? २००५ मध्ये त्यांनी टिंकर बेल आणि तिच्या परीमैत्रिणींवर पुस्तक लिहिलं. म्हणजे ज्या दुनियेत त्या वाचक म्हणून रमल्या होत्या, तिथे त्या लेखिका होऊन परत गेल्या. तुमच्यासारख्या मुलांना गोष्टी लिहायला शिकवणारं ‘रायटिंग मॅजिक’ हे पुस्तकही त्यांनी २००६ मध्ये लिहिलं.

७. प्रश्नाचं उत्तर

पुढच्या रविवारी मी त्या विद्यार्थिनीला म्हटलं, “मागच्या वेळी मी घाई केली. आज नीट उत्तर देते.”

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ‘नाही’ म्हणता येत नसे. कोणी विचारलं, हे काम शुक्रवारपर्यंत होईल ना, की मी ‘हो’ म्हणायचे. होणार नाही, हे मला माहीत असायचं, तरी ‘हो’. मग रात्री जागायचं, चुका करायच्या, आणि शुक्रवारी सगळ्यांनीच वैतागायचं. मला वाटायचं, मी चांगली वागतेय. खरं तर मी फक्त घाबरत होते. माझ्या त्या ‘हो’चा कोणालाच उपयोग नव्हता.

म्हणून मी तिला सांगितलं, “आज्ञाधारक हा शब्द एकटा चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तू आईचं ऐकतेस. ते तुला पटतं म्हणून, की तिच्यावर विश्वास आहे म्हणून, की दुसरं काही म्हणताच येत नाही म्हणून? एलाचं फक्त तिसरं कारण होतं. म्हणून तो शाप.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग ताई, आजचा गृहपाठ मला पटला नाही.”

सगळा वर्ग हसला. मीसुद्धा. पण गृहपाठ तिनं केला.

शब्दार्थ

आज्ञा : हुकूम
आज्ञाधारक : सांगितलेलं ऐकणारा किंवा ऐकणारी
साभार : आभार मानून
कथानक : गोष्टीत काय काय घडतं ते
वर : देवानं किंवा परीनं दिलेली चांगली भेट
शाप : वराच्या उलट
उंबरठ्यावर असणे : एखाद्या वयाच्या किंवा घटनेच्या अगदी जवळ असणे
फट : छोटी मोकळी जागा
वारणे : मरण पावणे
गुंगवणे : गोड बोलून भान हरपायला लावणे

भाषेकडे बघूया : आज्ञार्थ

ज्या क्रियापदातून आज्ञा कळते, त्याच्या रूपाला आज्ञार्थ म्हणतात. ‘तू’साठी क्रियापद मूळ रूपातच राहतं. ‘तुम्ही’साठी शेवटी बहुतेक वेळा ‘आ’ येतो.

तू बस, तुम्ही बसा.
तू ऐक, तुम्ही ऐका.
तू ये, तुम्ही या.
तू जा, तुम्ही जा. (इथे दोन्ही रूपं सारखीच!)

नको असेल तेव्हा : तू रडू नको किंवा रडू नकोस, तुम्ही रडू नका.

आज्ञा मऊ करायची असेल, तर मराठीत छोटे शब्द मदतीला येतात : ‘बस ना’, ‘जरा ये’, ‘सांग की’. त्याहून मऊ म्हणजे प्रश्न : ‘येतेस का?’, ‘सांगशील का?’ आणि खूप आदर दाखवायचा असेल, तर ‘आपण बसावं’. ‘वे’ किंवा ‘वं’ आलेल्या अशा रूपाला विध्यर्थ म्हणतात.

आता एक गंमत. घरी आई म्हणते, ‘चला, आता झोपायचं!’ यातलं ‘झोपायचं’ आज्ञार्थात नाही. पण ही आज्ञा आहे की नाही, ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरं लिहा.
१. गेल लेव्हीन १९८७ च्या वर्गात मुख्यतः काय शिकायला गेल्या होत्या?
२. त्यांना किती वर्षं नकार मिळत होते?
३. सिंड्रेलाबद्दल त्यांना कोणता प्रश्न पडला?

आ) खालीलपैकी कोणती वाक्यं एलाला ऐकावीच लागतील? कारण सांगा.
१. खिडकी बंद कर.
२. खिडकी बंद करतेस का?
३. खिडकी बंद असती तर बरं झालं असतं.
४. खिडकी उघडू नकोस.
५. आता खिडकी बंद करायची!

इ) एक दिवस घरात तुम्हाला सांगितलेल्या गोष्टी वहीत टिपा. त्यात आज्ञार्थ किती आणि प्रश्न किती? तुम्ही स्वतः धाकट्या भावंडांशी कसं बोलता, तेही टिपा.

ई) भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी तुम्हाला माहीत आहे. ‘लेकीकडे जाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा’ असं ती वाघाला सांगते आणि वाघ तिचं ऐकतो. का ऐकतो? चिऊताईकडे पावसात भिजलेला कावळा येतो, पण ती लगेच दार उघडत नाही. का उघडत नाही? यांतला एक प्रश्न निवडा किंवा तुमच्या आवडत्या गोष्टीला तुमचा प्रश्न विचारा. उत्तर म्हणून दहा ओळींची नवी गोष्ट लिहा.

उ) तुम्ही कधी एखादी गोष्ट पटली नाही म्हणून ‘नाही’ म्हणालात का? किंवा म्हणायचं होतं, पण म्हणता आलं नाही? पाच-सहा वाक्यांत लिहा. हे वर्गात वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.